वरचं एक बोट

आक्का सायकल घ्यायला निघाली ती भल्या सकाळी, छत्री काखोटीला मारून आणि मुलाशी कडाकडा भांडून. भुताखेताचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. मनात होता एक जिना.

जिना तिच्याच दुकानातला. खाली फिती, लेस, बटणं, झालरी आणि वर माळ्यावर जादा माल. मधला जिना लाकडी आणि उभा, शिडीचा सख्खा भाऊ म्हणावा असा. उमेदीच्या वयात आक्का दोन्ही काखांत रिळांचे गठ्ठे घेऊन तो चढायची आणि वरूनच गिऱ्हाइकाला भाव सांगायची. मागच्या हिवाळ्यात त्याच जिन्याच्या अर्ध्या वाटेत, ओलं कापड कुणी मुठीत धरून पिळावं तसं तिच्या छातीत झालं. दवाखाना झाला, नळ्या झाल्या, गोळ्या झाल्या. जीव वाचला, पण घरी आल्यावर मुलानं गोड बोलत दुकानाची किल्ली आपल्या खिशात टाकली.

"आई, आता आराम कर."

"आराम मेल्यावर करायचाच आहे. तिथे सुटीच सुटी."

"अगं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या म्हणाल्या, बसल्या जागी सायकल चालवा, हळूहळू ताकद येईल. ते नाही ऐकलंस? कान आहेत की नुसती काजं पाडून ठेवलीत?"

शेवटी मायलेकांत करार झाला. पावसाळा सुरू व्हायच्या आत एके दिवशी डॉक्टरीणबाईंना दुकानात बोलवायचं. त्यांच्यासमोर आक्कानं मधे न थांबता माळ्यापर्यंत चढून दाखवायचं. चढली तर किल्ली तिची. थांबली तर घरी बसायचं आणि पुन्हा दुकानाचं नाव काढायचं नाही. मुलानं हे कबूल केलं, कारण ती चढेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते आक्काला पक्कं कळलं होतं, आणि म्हणूनच ती तरातरा चालली होती.

भंगारवाल्याच्या आवारात सायकल एका कोपऱ्यात उभी होती. चाक एकच, तेही जमिनीला न टेकणारं. काळी गादी बसून बसून मऊ झालेली. हाताच्या मुठींवर रबर होतं आणि त्यावर बोटांचे खड्डे पडले होते.

"चांगल्या घरातली आहे आक्का," भंगारवाला म्हणाला. "बँकेतल्या एका साहेबांची. त्यांनाही तुमच्यासारखंच, छातीचं. रोज चालवायचे."

"मग काढली का?"

भंगारवाल्यानं कानात काडी फिरवली. "साहेब गेले. हिच्यावरच गेले. डॉक्टर म्हणत होते थांबा, घरचे म्हणत होते थांबा. साहेबांचं आपलं एकच, आणखी थोडं. बाईंना मग ही डोळ्यासमोर नको झाली. म्हणाल्या, नुसती घेऊन जा."

"म्हणजे तुला फुकट पडली."

"आक्का, पाठीवरून आणली ना! पाठ फुकट आहे का माझी?"

आक्का हसली. घासाघीस करून तिनं किंमत अर्ध्यावर आणली आणि वर सायकल दुकानापर्यंत पोचवून द्यायला लावली. मेलेल्या माणसाच्या खाटेवर लोक झोपतात, मेलेल्या माणसाच्या घरात भाड्यानं राहतात; मग सायकलनंच काय घोडं मारलं होतं?

ती ठेवली दुकानामागच्या खोलीत. या खोलीला खिडकी नाही. चारी भिंतींना छतापर्यंत फितींची रिळं, एकावर एक. अशा खोलीत आवाज मरतो बघा. खाकरलं तरी ते आपल्याच ओठांपाशी राहतं, पुढे जात नाही. भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लावावा लागतो, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला शटर ओढलं की रस्ता जणू मैलभर लांब जातो. आक्काला तीच वेळ सोयीची होती. मुलगा जेवायला घरी जायचा आणि दुकान तेवढ्यापुरतं तिचं असायचं.

सायकलीला पुढे आकड्यांची पट्टी होती. पण ती चकवी. एक दिवस दाखवायची की आक्का शेजारच्या गावापर्यंत जाऊन आली, दुसऱ्या दिवशी म्हणायची की जागची हललीच नाही. "दुसऱ्याच्या तराजूवर आपला माल जोखू नये," आक्का म्हणाली आणि भंगारवाल्याला परत बोलावलं. जुन्या रीळ भरायच्या यंत्राची दातेरी चाकं त्यानं पायडलाच्या दांड्याला जोडून दिली. बरीच पायडलं मारली की छोटं रीळ एकदा फिरायचं. त्यावर आक्कानं फितीचं टोक अडकवलं. चालवून झालं की जेवढी फीत रिळावर चढली तेवढी कापायची आणि पडद्याच्या दांडीला टांगायची. आजची कालच्यापेक्षा लांब दिसली की प्रगती, आखूड दिसली की आळस. अंगठाबहाद्दरालाही कळावा असा हिशेब.

फीत निवडली ती शेवाळी रंगाची. त्या रंगाचा एक अख्खा गठ्ठा तिच्या वडिलांनी कधीकाळी उत्साहात आणला होता. पुढे लग्नं झाली, बारशी झाली, पण त्या रंगाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

वडिलांची गोष्ट निघालीच आहे तर त्यांची एक रीत सांगायला हवी. माप कापताना ते गिऱ्हाइकाला नेहमी एक बोट जास्त द्यायचे. मोजून झालं की फितीवर आपलं बोट आडवं ठेवायचे, म्हणायचे, "वरचं एक बोट तुमचं," आणि मग कात्री चालवायचे. लहानपणी आक्कानं विचारलं होतं, "बाबा, रोज फुकट का देता?" ते म्हणाले होते, "पोरी, वरचं बोट फुकट नसतं. गिऱ्हाईक परत यावं म्हणून असतं." आणि खरंच यायची. एक बाई लग्न होऊन परमुलखात गेली, केस पांढरे झाल्यावर एका बटणासाठी परत आली आणि म्हणाली, त्या बोटाची आठवण होती हो. तेव्हापासून आक्काच्या जिभेला ते शब्द असे चिकटले की झोपेतही सुटले नाहीत.

पहिल्या दुपारी आक्का सायकलीवर बसली. थोडी पायडलं मारली आणि धापा टाकायला लागली. उतरली, रिळावरची फीत सोडवली. जेमतेम हातभर. हसू आलं तिला. कात्री घेऊन वाकली, तोच पाठीमागून कुणीतरी दमल्या आवाजात, अगदी सभ्यपणे म्हणालं,

"आणखी थोडं..."

पाठीमागून असं मागणं तिनं उभ्या जन्मात हजारदा ऐकलेलं. मान वर न करताच ती म्हणाली, "घ्या की. वरचं एक बोट तुमचं."

आणि कात्री चालवली.

मग वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. शटर खाली होतं, आतून कडी होती. रस्त्यावरचं कुणी बोललं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण या खोलीत रस्त्यावरचा आवाज येत नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

पहिले काही आठवडे दांडीवरच्या फिती लांबत गेल्या. हातभराची कमरेइतकी झाली, कमरेची खांद्याइतकी. शेवाळी रंगाची ती रांग बघून आक्का स्वतःवर खूश होती. जिन्याच्या चार पायऱ्या चढून उतरायची, मग अर्धा जिना. मुलगा दुकानात असला की मुद्दाम खाकरून चढायची.

एका दुपारी तिला कालची फीत आखूड दिसली.

फार नाही. एक बोट.

तिला वाटलं, उंदीर. पण आक्का साटीनची फीत नेहमी तिरकी कापते, म्हणजे दोरे निघत नाहीत. हिचं टोक सरळ होतं. तरी एक दोरा सुटलेला नव्हता. जणू मागावरून ती तेवढीच उतरली होती. आणि टोक किंचित दमट, मुठीत बराच वेळ धरून ठेवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी चार बोटं गेली. मग वीत. आणि फितीबरोबर दमही. वीत गेली त्या दिवशी आक्का तिसऱ्या पायरीवर मटकन बसली. छातीत पुन्हा ते ओलं कापड पिळलं जात होतं.

मुलानं गल्ल्यावरून पाहिलं. "सांगत होतो की नाही?"

ती उठली, मागच्या खोलीतून आखूड झालेल्या फिती आणल्या आणि त्याच्यासमोर टेबलावर आपटल्या. "खरं सांग. तू कापतोस?"

"काय?"

"मी हरावं म्हणून. गुपचूप येऊन कापतोस ना?"

मुलगा हळू म्हणाला, "आई, मी किल्ली घेतली. तुझा श्वास नाही गं घेतला."

आक्काला लाज वाटली. दुकानदार चूक मान्य करतो ती नजर खाली करून, तेवढी तिनं केली.

"ती सायकल मी आजच देऊन टाकतो," तो म्हणाला. "कुठल्या मयताची कोण जाणे. ती आणल्यापासून..."

"हात तर लावून बघ!"

"अगं, पण का?"

"का म्हणजे? आपला माल कोण उचलतंय ते कळल्याशिवाय दुकान बंद करते का मी?"

त्या दुपारी ती सायकलीवर बसली नाही. समोर स्टूल टाकून, दिवा लावून नुसती बघत बसली. गादी बसलेली होती, कुणी बसल्यावर बसते तशी. ती एकदा किंचित वर आली आणि पुन्हा खाली गेली. आक्काच्या मानेवरचे केस उभे राहिले. मग तिला ते सभ्य, दमलेलं मागणं आठवलं. आणि आपलं उत्तरही आठवलं.

घ्या की, म्हणाली होती ती. आपल्या तोंडानं. घेणाऱ्यानं मग बोट घेतलं, आणि बोट दिलं की मनगट धरणारी गिऱ्हाइकं काही जिवंतांतच असतात असं थोडंच आहे!

डॉक्टरीणबाई उद्या येणार, अशी दुपार आली. सकाळपासून आभाळ दाबून आलं होतं. मुलगा जेवायला गेला, आक्कानं शटर ओढलं, कात्री सायकलीच्या मुठीला टांगली आणि गादीवर बसली. गादी गरम होती.

बरीच पायडलं मारून झाली असतील, तोच दिवा गेला.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय करतं? कान टवकारतं. आक्कानं टवकारले. फितींच्या त्या खोलीत तिचा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्याच्यामागे अर्ध्या क्षणानं दुसरा. मग वास आला. छातीला चोळायच्या मलमाचा, तापलेल्या रबराचा, आणि कडक इस्त्रीच्या शर्टात मुरलेल्या घामाचा.

पायडल जड झालं. जागच्या जागी थांबलं. आणि मग हळूच, तिच्या पायांसकट, उलटं फिरायला लागलं.

रीळ उलगडू लागलं. सर्र... सर्र... फीत तिच्या पोटरीला घासत कोपऱ्याकडे चालली होती. अंधारात, ताणलेली, कुणीतरी पलीकडून सावकाश गुंडाळत असावं तशी.

"आणखी थोडं..."

आवाज आता तिच्या कानाशी होता. छातीत पिळा बसू लागला. उतरून पळावं तर दार दहा पावलांवर. पण पळाली असती तर उद्या जिन्यावर पाय कुणाचे आणायचे होते?

"साहेब," ती म्हणाली. आवाज चिरकला. मग पुन्हा, गल्ल्यावर बसून बोलतात त्या आवाजात म्हणाली, "साहेब, बसा. जरा बोलूया."

पायडल थांबलं. फीत ताणलेलीच.

"मी एक बोट म्हणाले होते. तुम्ही वीत नेलीत, हात नेलात. बँकेतली माणसं तुम्ही, तुम्हाला मी शिकवू?"

"थोडंच... राहिलंय..."

"तुमचं राहिलं असेल. माझं चाललंय. राहिलेलं पुरं करायला माझा दम कापून देऊ? थांबा म्हणणाऱ्या माणसांचं ऐकलं नाहीत, आणि आता माझ्या फितीला लोंबकळता? शोभतं का तुम्हाला?"

कोपऱ्यात कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. तो सोडल्याचा आवाज आला नाही. मग फितीला असा हिसका बसला की आक्का मुठींवर आदळली.

"असं होय!" आक्का म्हणाली. "मग ओढा."

आणि तिनं पाय रोवले. पुढे. पायडल दगडासारखं. तिनं दात आवळले, वडिलांची आठवण काढली, मुलाला एक शिवी दिली, जिन्याला दोन दिल्या, आणि पुढे रेटलं. अर्धा फेर झाला. मग एक. फीत वीणेच्या तारेसारखी वाजू लागली. पलीकडूनही जोर होता. मेल्यावरही नेम न सोडणाऱ्या माणसाचा जोर. छातीतला पिळा आवळत चालला तशी तिला एक गोष्ट लख्ख कळली. हा असाच गेला. याच घटकेला, आणखी थोडं म्हणत.

आक्का थांबली.

आपल्या मर्जीनं, पाय रोवलेले ठेवून. श्वास खाली बसू दिला. मग मुठीवरची कात्री काढली, चाचपडत रिळाच्या अगदी कडेला लावली. बोट आडवं ठेवायला तिचा डावा हात आपसूक पुढे आला. तिनं तो मागे ओढला.

"माप पुरं झालं, साहेब," ती म्हणाली. "वरचं काही नाही."

कच्च.

उभ्या जन्मात पहिल्यांदा तिनं नेमकं कापलं. सुटलेलं टोक अंधारात गेलं. ते कुठे पडल्याचा आवाज मात्र आला नाही. वास विरला. थोड्या वेळानं दिवा आला तेव्हा कोपऱ्यात रिळं होती, धूळ होती, आणि धुळीवर कसलीही खूण नव्हती. रिळावर उरलेली फीत आक्कानं मोजली. कापताना सवयीनं कात्री तिरकी पडली होती. फीत तिच्या खांद्यापासून टाचेपर्यंत, बरोब्बर, ना कमी ना जास्त. तिनं ती दांडीवर टांगली आणि भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "घाई नको हं."

"घाई मला कधीच नव्हती. ती याला आहे," आक्कानं मुलाकडे हनुवटी उडवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मुलगा खाली उभा होता, दोन्ही हात पुढे धरून, पडलीच तर झेलायला. अर्ध्या वाटेत, मागच्या हिवाळ्यात ती कोसळली होती त्याच पायरीवर, तिच्या पाठीशी कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "आणखी थोडं..."

मागतोय की धीर देतोय, ते तिला कळलं नाही. थांबून विचारायची सोय नव्हती. ती चढत राहिली. माळ्यावर पाय ठेवला, कठडा धरून वळली आणि खाली पाहून ओरडली, "बोला, काय दाखवू? लेस दाखवू की झालर?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मुलाचे डोळे भरले होते, ते लपवायला तो खिशात किल्ली शोधत राहिला. ती हातात असूनही.

दुपारी मुलगा जेवायला गेला. आक्कानं शटर ओढलं, आपल्या किल्लीनं. मागच्या खोलीत गेली, दिवा लावला. सवयीनं कालची फीत खांद्याला लावून टाचेकडे सोडली.

टोक जमिनीला टेकलं.

तिनं पुन्हा लावली. पाठ ताठ करून, टाच उचलून, खाली ठेवून. फीत टाचेच्या खाली होती. एक बोट. तिनं बोट आडवं लावून पाहिलं, नेमकं तेवढंच. जोड कुठे नव्हता. काल तिनं तिरकं कापलेलं टोक आता सरळ होतं, आणि थोडं दमट.

वडील समोर असते तरी आक्कानं त्यांना काही विचारलं नसतं. वरचं बोट कशासाठी देतात हे तिला पाठ होतं.

कात्री तिनं उचलली, पुन्हा खाली ठेवली. पदर खोचला.

"बरं तर साहेब," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय. बघू कोण कोणाला दमवतं."

ती गादीवर बसली आणि पाय पुढे केला. तिचा पाय पोचायच्या आत पायडल वर आलं होतं. अलगद, थेट तिच्या तळव्याखाली. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार स्टूल पुढे करतो, अगदी तसं.